पेंग्विन आणि सिंह एकाच बेटावर? लेकीला काय सांगू?

पत्र: ताई, नमस्कार. मी डोंबिवलीचा, मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. रोज रात्री झोपताना तिला 'स्विस फॅमिली रॉबिन्सन' सांगतो, म्हणजे पुस्तक इंग्रजी आहे, मी बघून बघून मराठीत सांगत जातो. माझी प्रत फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली, जुनी, जाडजूड. मधेच तिच्या मावशीने नवीकोरी प्रत आणून दिली आणि घोळ झाला, दोन्हीतली गोष्टच वेगळी! माझ्या प्रतीत आईला आणि धाकट्याला दुसऱ्या बेटावरचे लोक पळवून नेतात, मावशीच्या प्रतीत हे काहीच नाही, उलट धूर निघणाऱ्या खडकावर एक इंग्रज मुलगी सापडते. लेक म्हणते बाबा तू मनाने सांगतोस. बायको म्हणते ओरिजिनल शोध आणि तेच वाच. त्यात लेकीने विचारलंय की पेंग्विन आणि सिंह एकाच बेटावर कसे. आणि माकडिणीला कुत्रे मारतात तिथे ती इतकी रडली की तेव्हापासून मी शिकारीची पानं गुपचूप गाळतो. हे चीटिंग आहे का? आणि खरं पुस्तक नक्की कुठलं? – गोंधळलेला बाबा

दादा, नमस्कार. आधी घरातलं भांडण मिटवते. तुम्ही मनाने सांगत नाही आहात, मावशीने आणलेली प्रतही डुप्लिकेट नाही, आणि वहिनींना सांगा की ओरिजिनल शोधायला निघालात तर थेट स्वित्झर्लंडला जावं लागेल आणि तिथे जे हाती लागेल ते जर्मनमधे असेल, तेही अर्धवट वाटेल असं. कारण या पुस्तकाची जन्मकथाच तशी आहे, आणि ती ऐकलीत तर तुमचं अर्धं टेन्शन जाईल असं मला वाटतं.

बर्न शहरात योहान डाव्हिड वीस नावाचे एक पाद्री होते (हो, एकोणीस-वीस मधला वीस, उच्चार साधारण तसाच आहे, इंग्रजीत डब्ल्यू वाय डबल एस लिहितात म्हणून आपण वायस म्हणतो). जन्म 1743चा, तिथल्या मोठ्या चर्चमधे धर्मोपदेशक. यांना चार मुलगे. आणि हा माणूस 1790च्या दशकात आपल्या पोरांसाठी एक गोष्ट रचतो की असंच एक कुटुंब आहे, आई, बाबा, चार मुलगे, त्यांचं जहाज फुटतं, खलाशी होड्या घेऊन पळून जातात आणि हे सहा जण मागे राहतात. मग काय, पिंपं अर्धी कापून, एकमेकांना जोडून, त्यात बसून किनारा गाठतात. गोष्टीतले चार मुलगे म्हणजे घरातलेच चार मुलगे थोडे इकडेतिकडे करून. म्हणजे बघा, एक बाप पोरांना गोष्ट सांगतोय, त्यात पोरांनाच पात्रं करतोय. तुम्ही रात्री जे करताय तेच.

ते बाड आठशेच्या वर पानांचं झालं. एका मुलाने, योहान इमॅन्युएलने, त्यात चित्रं काढली. पण छापायचं वगैरे काही नव्हतं हो मनात, घरातलं होतं ते. मग बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या मुलाने, योहान रुडॉल्फने, जो तोपर्यंत बर्नला तत्त्वज्ञानाचा प्रोफेसर झाला होता, ते बाड काढलं, झाडलं, स्वतःच्या हाताने सुधारलं आणि 1812 आणि 1813 मधे झुरिकला दोन भागांत छापून घेतलं. बाबा तेव्हा हयात होते, सत्तरीला आलेले. या रुडॉल्फचीच अजून एक गंमत, स्वित्झर्लंडचं जुनं राष्ट्रगीत, जे 1961 पर्यंत चाललं, ते यानेच 1811 मधे लिहिलेलं आणि त्याची चाल इंग्लंडच्या 'गॉड सेव्ह द किंग'ची! आयतं घेऊन त्यावर आपलं रचायचं हे त्या घराला नवीन नव्हतं.

कळलं ना, म्हणजे जे पहिलं छापलं गेलं तेच मुळात बापाचं जसंच्या तसं नव्हतं. मुलाने एडिट केलेलं होतं.

पुढे तर धमालच आहे. 1814 मधे इझाबेल द मोंतोल्यो नावाच्या बाईंनी ते फ्रेंचमधे नेलं. या लोझानच्या, स्वतः कादंबरीकार, आणि भाषांतर करताना यांना हात आवरायचाच नाही. पुढच्याच वर्षी जेन ऑस्टिनची एक कादंबरी यांनी फ्रेंचमधे नेली तर तिचाही शेवट आपल्या मनासारखा केला. तर या बाईंना वाटलं की ही गोष्ट अर्धवट थांबलीये, वाचक पुढचं विचारतायत, आणि वीसमंडळींकडून पुढचा भाग काही येईना, म्हणून यांनी 1824 पर्यंत त्याला पुढे स्वतःची भर घालून पाच भागांचं केलं, तेही रुडॉल्फच्या परवानगीने. मग रुडॉल्फने 1826-27 मधे जर्मनमधे आणखी दोन भाग काढले. म्हणजे एकाच कुटुंबाची पुढची हकीगत दोन भाषांत दोन वेगळ्या वाटांनी गेली.

तिकडे लंडनमधे 1814लाच गॉडविन नवराबायकोच्या प्रकाशनाने पहिलं इंग्रजी काढलं. गॉडविन म्हणजे तो विचारवंत विल्यम गॉडविन, 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणाऱ्या मेरी शेलीचा बाप, आणि त्याची दुसरी बायको मेरी जेन मुलांच्या पुस्तकांचं दुकान चालवायची. त्या पुस्तकाचं नाव होतं 'द फॅमिली रॉबिन्सन क्रूसो', आणि आपण ज्याला ओळखतो ते 'स्विस फॅमिली रॉबिन्सन' हे नाव 1818च्या आवृत्तीत आलं. त्यानंतर इंग्रजीत इतक्या जणांनी हात मारलाय त्याच्यावर, कोणी फ्रेंचवरून, कोणी जर्मनवरून, कोणी दोन्ही ढवळून, कोणी नुसतं कापून छोटं करून. 1879 मधे डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन नावाच्या, पोरांसाठी दर्यावर्दी कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकाची आवृत्ती आली आणि इंग्रजीत साधारण तीच चालू राहिली.

तर तुमचं निदान असं. ज्या प्रतीत आई आणि धाकटा पळवले जातात, मग एक मिशनरी भेटतो, ती मोंतोल्यो बाईंच्या वंशातली. आणि ज्यात थोरल्या मुलाला, फ्रिट्झला, अल्बट्रॉस पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी मिळते आणि धुराच्या खडकावरची जेनी सापडते ती किंग्स्टनच्या घराण्यातली, मावशीची ती असणार. पहिली दोन पानं बघा, भाषांतरकाराचं नाव असेल तर लगेच कळेल, नसेल तर घरांची नावं बघा, किंग्स्टनकडे झाडावरचं घर फाल्कनहर्स्ट आणि गुहेतलं घर रॉकबर्ग आहे. (आणि कुणी समुद्री चाचे आणले घरात तर समजा पुस्तक नाही, डिस्नेचा 1960चा सिनेमा बघून आलाय.)

आता मी थोडं आपल्याकडचं बोलते. एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून, पाठ तपासून शके 1506 मधे शुद्ध प्रत केली आणि शेवटी दमच दिला की यात कुणी आपली ओवी घुसवेल तर ते अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवल्यासारखं होईल. बरोबरच आहे, ज्ञानेश्वरीला तो नियम हवाच. पण त्याच मराठीत मोरोपंतांनी म्हणे एकशे आठ रामायणं रचली, त्यात एक असं की ओठाला ओठ लागणारं अक्षरच नाही, निरोष्ठ रामायण, आणि त्यांना कुणी विचारलं नाही की पंत ओरिजिनल कुठलं. तुमचं हे बेटावरचं पुस्तक दुसऱ्या जातीचं आहे. शिवाय यातल्या लोकांचं जेवणखाण चालतंच मुळी नरोट्यांवर, शिंपल्यांवर आणि वाळवलेल्या भोपळ्याच्या भांड्यांवर. पहिल्या दिवशी सूप तयार, पण चमचा नाही, मग कुणीतरी शिंपले आठवतो. तिथे नरोटी चालते!

अजून एक, लेकीला हे सांगा, तिला आवडेल. यांचं आडनाव रॉबिन्सन नाहीये. पुस्तकभर आडनावच नाही. जर्मन नावाचा अर्थ नुसता 'स्विस रॉबिन्सन', आणि रॉबिन्सन म्हणजे त्या डॅनियल डेफोच्या 1719च्या रॉबिन्सन क्रूसोवरून पडलेलं नाव. आपण कसं म्हणतो, हा आमच्या गल्लीचा तेंडुलकर, मग त्याचं आडनाव कांबळे असो की शेख असो, तसंच. तेव्हा युरोपात प्रत्येक प्रांताला आपापला रॉबिन्सन हवा होता, इतकी पुस्तकं आली की 1731 मधे श्नाबेल नावाच्या जर्मन लेखकाने त्या सगळ्या प्रकाराला एक शब्दच पाडला, रॉबिन्सनाड. त्यात विचारवंत रूसोने 1762 मधे लिहून ठेवलं की माझ्या एमिलला (त्याच्या पुस्तकातला काल्पनिक विद्यार्थी) पहिलं पुस्तक द्यायचं तर डेफोचा क्रूसोच, बराच काळ त्याची लायब्ररी म्हणजे हे एकच पुस्तक. झालं, सगळे शिक्षक, पाद्री कामाला लागले. 1779 मधे कांपे नावाच्या जर्मन मास्तरांनी मुलांसाठी रॉबिन्सन काढला, त्यात एक बाप संध्याकाळी मुलांना गोष्ट सांगतो, मुलं मधेमधे प्रश्न विचारतात, आणि त्या रॉबिन्सनला सुरुवातीला हत्यारं काहीच मिळत नाहीत. वीसबाबा जरा मऊ मनाचे निघाले, त्यांनी जहाज फोडलं पण आतमधे करवती, बंदुका, बी-बियाणं, गाय, शेळ्या, कोंबड्या सगळं शाबूत ठेवलं.

आणि आईची पिशवी! मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकात तीच एक भारी गोष्ट आहे. हे सगळे मिळून बंदुकीची दारू आणि खिळे गोळा करत असतात आणि ती एक पिशवी भरून घेते, त्यातून पुढे सुया, दोरे, बियाणं, जे लागेल ते निघत राहतं. कुठल्याही मराठी आईची प्रवासातली पिशवी आठवा, खाली कुठेतरी सेफ्टी पिन आणि आलेपाक असतोच. बाकी त्या माउलीला काम काय तर स्वयंपाक आणि काळजी, नावही फार उशिरा नि कुठल्या तरी आवृत्तीत, आणि चार मुलगे, मुलगी एकही नाही. तुमच्या लेकीने अजून विचारलं नसेल पण विचारेल. तेव्हा सांगा की हे जपानी लोकांनाही खटकलं असावं, कारण 1981 मधे त्यांनी याची कार्टून मालिका केली तर हिरॉइन केली दहा वर्षांची फ्लोनी, आगाऊ, चिखलात लोळणारी, आणि गोष्ट तिच्याभोवतीच फिरते. चार मुलग्यांच्या जागी दोन मुलगे आणि एक मुलगी केली तरी बेट काही बुडालं नाही.

पेंग्विनचं. तुमच्या पोरीला माझ्याकडून एक पेढा द्या. तिने जे पकडलंय ते लोक दोनशे वर्षं पकडत आलेत. किनाऱ्याला लागतात तेव्हाच फ्लेमिंगो आणि पेंग्विन, पुढे कांगारू, शहामृग, सिंह, अजगर, पाणघोडा, काय वाट्टेल ते. खरं कारण सरळ आहे, स्वित्झर्लंडला समुद्रच नाही. पाद्रीबुवांनी हे प्राणी पुस्तकांत बघितलेले आणि त्यांना पोरांना निसर्गशास्त्र शिकवायचं होतं, बेट म्हणजे त्यांचा तक्ता, शाळेत भिंतीवर असतो तसा, एकाच तक्त्यावर हत्तीशेजारी देवमासा. आता मजा करा, तिला नकाशा घेऊन बसवा, प्रत्येक प्राण्याला त्याच्या घरी पोचवायला सांगा. कांगारू ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत, सिंह आफ्रिकेत आणि आपल्या गीरमधे. आणि एक गुगली टाका, फ्लेमिंगो आणि पेंग्विन मात्र खरोखर एकत्र सापडतात, गालापागोस बेटांवर, विषुववृत्ताजवळ! त्यामुळे पाद्रीबुवांना शंभरपैकी पाच मार्क तरी द्यावे लागतील.

झाडांच्या बाबतीत पण तेच, सगळ्या खंडांची झाडं एका बागेत. पण इथे तुम्हाला मराठी घरात आयता सापडेल असा धागा आहे. हे लोक एकदा सागो पाम फोडून त्याच्या गाभ्यातून साबुदाणा काढतात, आणि दुसरीकडे कसाव्याच्या कंदाचं पीठ करून भाकरीसारखी रोटी भाजतात. कसाव्यात विष असतं, किसून पिळून रस काढून टाकावा लागतो, म्हणून बाबा आधी ती रोटी कोंबड्यांना आणि माकडाला खायला घालून बघतो, ते जगले मग आपण (माकडाला विचारलं नाही कुणी). आता आपण उपासाला जो साबुदाणा खातो तो मुळात सागो पामचा पदार्थ, पण आपल्याकडे बनतो तो कसाव्यापासून, तामिळनाडूत सेलमच्या बाजूला. म्हणजे या एका पुस्तकात खिचडीचे दोन्ही आजोबा आहेत. हे चॅप्टर चतुर्थीला ठेवा, बघा कसं लक्षात राहतं.

आता शिकारीचं. इथे मात्र मी तुम्हाला थोडं ओरडणार आहे. गाळताय ते ठीक, गुपचूप गाळताय ते ठीक नाही. पुस्तकात प्राणी दिसला की आधी बंदूक मग प्रश्न, हे आहेच, मलाही आज वाचवत नाही. ते माकडाचं पिल्लू आईविना होऊन फ्रिट्झच्या पाठीवर उडी मारून बसतं तिथे लेक रडली, तर ती शहाणी आहे, लिहिणाऱ्याला तिथे हसवायचं होतं, हिला रडू आलं, यात हिची काही चूक नाही. पुढे सावध राहा, अजगर गाढवाला गिळतो, आणि किंग्स्टनमधे माकडांना चिकट सापळ्यात पकडून काठ्यांनी मारतात ते प्रकरण तर भयानक आहे. तिला सरळ सांगा, इथे दोन पानं मारामारी आहे, वाचू की उडी मारू? ठरवू दे तिलाच. माझ्या मते ती एखाद्या रात्री म्हणेल वाच, कारण गाळलेल्या पानात काय आहे ही उत्सुकता फार वाईट. तुमच्या प्रतीतल्या त्या पळवून नेणाऱ्या लोकांबद्दलही तेच, त्यांना रानटी म्हणून रंगवलंय, ते घाईत उरकू नका, सांगा की हे लिहिणाऱ्या बाई त्या बेटांवर कधी गेल्या नव्हत्या, जसे पाद्रीबुवा सिंहाच्या गावी गेले नव्हते.

रात्री बघून बघून मराठीत सांगता ना, त्यात काही कमीपणा मानू नका. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तेव्हा तो आपल्या पोरांच्या तोंडी बसेल असा आणला, आणि तेच भागवत पुढे फुरसुंगीचा फास्टर फेणे देऊन गेले. आणि व्हर्न स्वतः कोण? याच पुस्तकावर वाढलेला पोरगा. त्याला म्हणे हे क्रूसोपेक्षा जास्त प्रिय, कारण एकटा माणूस नाही, घर आहे. इतकं प्रिय की बहात्तराव्या वर्षी, 1900 मधे, त्याने याचा पुढचा भाग लिहिला, 'दुसरी मायभूमी' अशा अर्थाचं नाव आहे त्याचं, आणि त्यात शेवटी या बिचाऱ्यांना एकदाचं आडनाव दिलं, झेरमाट. बघा म्हणजे, बाप, मुलगा, मोंतोल्यो बाई, किंग्स्टन, व्हर्न, प्रत्येकाने ताटात आपलं वाढलंय, तुम्ही एक पळी वाढलीत तर काय बिघडलं.

फक्त एक पथ्य पाळा. कुठलं पुस्तकातलं आणि कुठलं बाबाचं हे विचारलं की खरं सांगायचं. माझे आजोबा गोष्ट सांगताना स्वतःचा भाग आला की डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचे, आम्हा पोरांना ते कोड माहीत होतं आणि आम्ही टोपी निघायची वाटच बघायचो. तुम्ही चष्मा काढा, किंवा दिवा बारीक करा, काहीही.

वहिनींसाठी, दोन्ही आवृत्त्या इतक्या जुन्या आहेत की प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट पडल्यात, समोरासमोर ठेवून बघू दे त्यांना. आणि पुढचं पुस्तक म्हणून लगेच खरा क्रूसो काढू नका, तो नऊ वर्षांच्या मुलीसाठी जड आहे, शिवाय तो गडी आफ्रिकेतून गुलाम आणायला निघालेला असताना त्याचं जहाज फुटतं, हे आधी तुम्ही वाचा, पचवा, मग ती बारा-तेराची झाली की दोघं मिळून बोला.

शेवट कुठला सांगायचा हे तुम्ही विचारलं नाहीत पण ते येणारच आहे. किंग्स्टनमधे दहा वर्षांनी जहाज येतं, फ्रिट्झ, धाकटा फ्रान्झ आणि जेनी युरोपला जातात, आईबाबा आणि मधले दोघे बेटावरच राहतात. त्या रात्री पुस्तक मिटायच्या आधी लेकीला विचारा, तू जहाजात बसशील की राहशील? आणि ती काय म्हणाली ते मला कळवा, मला खरंच ऐकायचंय. मी नऊ वर्षांची होते तेव्हा माझ्या प्रतीची शेवटची पानं फाटलेली होती, त्यामुळे माझी मंडळी अजून तिथेच आहेत, झाडावर.

– तुमची ताई